तिची आजी कुठली?

दुधाच्या वहीच्या मागल्या पानांवर
मी म्हशींची नावं लिहिते.
पुढून रतीब, मागून रक्त.
मधली दोन पानं कोरी,
हिशेब हिशेबाला भिडू नये म्हणून.

आमच्या गल्लीत रेडकू जन्मलं की आधी शिंगांचा वंश बघायचे.
आता मी पाय बघते.
या श्रावणात चंद्रीचं आलं ते
पुढचे दोन्ही गुडघे आत मिटून,
धुतलेलं धोतर घडी घालून ठेवावं तसे.
चंद्री चाटत राहिली, चाटून सरळ होतील म्हणून.
तिसऱ्या दिवशी चाटायला काही उरलं नाही
तरी तिची जीभ बाहेरच.

सासरे म्हणाले, गिराण लागलं.
दीर म्हणाला, सरकी पेंड खराब होती.
मी वही उलटी केली.

सहा वर्षं. एकशे चार रेडकं. पाच अशी.
पाचांचा बाप डोंगऱ्या.
आणि पाचांच्या आया, बोट लावत मागं गेलं की,
सगळ्या एकाच रेड्यापाशी जाऊन थांबतात,
जो आजेसासऱ्यांनी सांगोल्याहून चालवत आणला
आणि ज्याचा फोटो आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.
डोंगऱ्याही त्याचाच पणतू.

भोसगे मॅडमनी शेपटीचे केस उपटले, मुळासकट.
पाकिटावर मी नावं घातली:
डोंगऱ्या, चंद्री, मोरणी, धाकटी तांबोळीण.
केसानं बोलायला एकवीस दिवस घेतले.

"याच्यात खोट?" सासरे उठलेच.
"पाडव्याला बुलेटमागं सुटतो तेव्हा
गंगावेस श्वास धरून उभी राहते, त्याच्यात?"
डोंगऱ्या कडबा खात होता.
चकाकत होता, तेल न लावता.

"खोट झोपलेली असते, काका," मॅडम म्हणाल्या.
"एका बाजूनं आली तर जन्मभर झोपते, कुणाला कळत नाही.
दोन्ही बाजूंनी आली
की चारात एकदा जागी होते."

अस्सल. घरचं. बाहेरचं पाणी नाही.
हे शब्द आम्ही सायीसारखे वर ठेवायचो,
गिऱ्हाईकाला आधी तेच दिसावेत.

मीही घरचीच.
सासरे माझे सख्खे मामा.
माझं दुसरं अकरा दिवस होतं.
सीपीआरमध्ये डॉक्टरनं विचारलं, नात्यातलं लग्न?
सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली,
आणि मी मान हलवली,
कुणाच्या बाजूनं ते अजून मला माहीत नाही.
त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आता नावापुढं टिंब घालते.
लाल म्हणजे वाहक, निळं म्हणजे निवळ.
लाल म्हशीला मोहोळहून आणलेला निळा रेडा.
डोंगऱ्याकडं निळ्याच म्हशी, त्याही मोजक्या,
आणि त्याच्या पोरांपैकी
केस तपासल्याशिवाय एकालाही रेडा म्हणून ठेवायचं नाही.
कुणाला कापायचं नाही, कुणाला हाकलायचं नाही,
फक्त दोन लाल टिंबं
एका दावणीला येऊ द्यायची नाहीत.
सासरे वही बघत नाहीत. पण मागच्या आठवड्यात
लाल पेनातली शाई संपली तेव्हा
न सांगता त्यांनीच रिफिल आणली.

काल वडणग्याचा एकजण आला,
टेम्पोत माजावरची म्हैस, खिशात पाचशे जादा.
"डोंगऱ्याच पायजे. नाव ऐकून आलोय."
मी विचारलं, तिची आई कुणाकडची?
तिची आजी कुठली?
तो हसला. "वैनी, म्हशीचं लगीन लावताय व्हय?"

आत डोंगऱ्यानं वास घेऊन दावं ताणलं.
खुंटा करकरला.

व्हय, म्हटलं.
माझ्या लग्नात कुणी विचारलं नव्हतं.
बसा, चहा टाकते,
तोवर आठवा.